सुकरीनं धरून ठेवलेला घास

“मूठ टाकतानी तिकडं पाहू नको, मनकर्णे. हात रिकामा झाला का पुढल्या कामाले लाग.”

सासूबाईंना जाऊन कितीतरी उन्हाळे झाले होते. तरी तांदूळ धुवायला घेतले की मनकर्णेच्या कानात हा आवाज उमटायचाच. आधण चढवण्याआधी घरच्या तांदळातली एक मूठ कोपऱ्यातल्या मडक्यात टाकायची, ती देवाची. पुढे तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, बापूजी सिंदेवाहीच्या सेवा मंडळाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ही घरची रीत गावाला लावली. घरोघरी मडकी बसली. त्याच मुठी आता पोत्यांत भरून ट्रकवर चढल्या होत्या आणि वैनगंगा ओलांडून आलापल्लीच्या जंगलात आल्या होत्या. लाकडाच्या डेपोत, मोठ्या छपराखाली, त्यांचा भात वाफाळत होता.

मंडळानं आजवर विहिरी उपसल्या होत्या, शाळेची भिंत बांधली होती, शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत नाटक लावून त्या पैशांत चार घरांच्या मुलींची लग्नं लावून दिली होती. पण नदीच्या या अंगाला येऊन डोळ्यांचं शिबिर भरवायचं हे धाडस पहिलंच. नागपूरचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते. मोतीबिंदू झालेली माणसं मात्र आदल्या दिवशीच जमली होती. कोणी काठीच्या टोकाला धरून आलं होतं, कोणी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. मंडळाच्या बायकांनी महिनाभर बसून रेतीच्या लहान लहान पिशव्या शिवल्या होत्या. ऑपरेशन झाल्यावर डोकं हलू नये म्हणून कानाच्या दोन्ही बाजूंना त्या लावायच्या, असं डॉक्टरांनी कळवलं होतं.

मनकर्णा या घरची मधली सून. मधला भाऊ, तिचा नवरा, तरुणपणीच गेला. तेव्हापासून ती एकवेळ जेवायची, जेवताना बोलायची नाही आणि तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही. त्यासाठी तिनं घरची तुळस तेलाच्या रिकाम्या डब्यात लावून ट्रकमध्ये मांडीवर आणली होती. धाकट्या दिरानं, लटारूनं, वाटभर तिची गंमत केली होती.

“वयनी, तुळशीचं तिकीट काढलं का? नाई त कंडक्टर उतरवून देईन तिले.”

“ट्रकले कुठचा कंडक्टर, भाऊजी?”

“मीच हाओ ना.”

लटारू मंडळाच्या नाटकात बायकांची कामं करायचा. लुगडं नेसून उभा राहिला की सिंदेवाहीच्या बायका त्याच्या निऱ्या पाहून आपल्या निऱ्या सारख्या करायच्या. नाटक करून पैसा त्यानं जमवला आणि शिबिर बापूजींच्या नावावर लागलं, यावरून दोघा भावांत संक्रांतीपासून धड बोलणं नव्हतं. आणि या दोघांच्या वर इंदुताई, बापूजींची बायको. बायकांच्या शाखेची ती प्रमुख होती. तिचा आवाज डेपोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि तिच्यामागे कामही तसंच उभं राहायचं. मनकर्णेला ती सदा थोडी दाबून ठेवायची. मनकर्णेला वाटायचं, बाई काम चांगलं करतात, पण कोणी पाहत असलं तर जास्तच चांगलं करतात. मग असं मनात आलं म्हणून त्या दिवशी ती एक माळ जास्त ओढायची.

त्या सकाळी इंदुताई फार खुशीत होती. कुंपणालगत आंब्याचं एक जुनं झाड होतं, कैऱ्यांनी वाकलेलं. तिनं बांबू घेतला, पदर खोचला आणि झाडाखाली उभी राहून स्वतःच्या हातानं कैऱ्या पाडल्या. ऊन तापायला लागलं आहे, दूरची माणसं चालून आली आहेत, कैरीचं आंबट वरण त्यांना गार पडेल, असं तिचं मन. मनकर्णेनं पदर पसरला, तिनं तो भरला. दोघी जावा कितीतरी दिवसांनी एकत्र हसल्या.

पंगत छपराखालीच, सागाच्या ओंडक्यांच्या मधोमध बसली. मनकर्णेनं एवढी झाडं आडवी पडलेली कधी पाहिली नव्हती. एकेका ओंडक्यापलीकडे उभा माणूस दिसत नव्हता. त्यांच्या आडोशाला पत्रावळी मांडून ती माणसं ओळीनं बसली होती, आणि बहुतेकांना समोरची पत्रावळ दिसत नव्हती. मनकर्णा भात वाढत पुढे जात होती आणि एकेकाचा हात धरून भाताला लावून देत होती. मागून इंदुताई वरण वाढत होती. “पोटभर जेवा बाप्पा, लाजू नोका,” असं प्रत्येकाला सांगत.

वरण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाढून झालं. हात भातात गेले. आणि थांबले.

मनकर्णेनं वळून पाहिलं, तर ती सबंध ओळ हात पानात ठेवून स्थिर बसली होती. कोणी कोणाला काही बोललं नव्हतं. एकमेकांचे चेहरे पाहावे एवढी दृष्टी त्यांच्यात कोणाला नव्हती. वाफेबरोबर कैरीचा वास वर आला होता, तेवढाच. तेवढ्यावर इतक्या माणसांचे उपाशी हात एका क्षणी थांबले. देवळात आरती संपल्यावर घंटा थांबते, त्या वेळची शांतता मनकर्णेला ठाऊक होती. ही तीच होती, लाकडाच्या डेपोत.

मग ते एकेक करून उठले. पानाला हात जोडले, कपाळाला लावले आणि छपराबाहेर जाऊन उन्हात बसले.

एक म्हातारी तेवढी उठली नाही. सुकरी तिचं नाव. तिच्या मुलानं, लालसूनं, तिला दोन दिवस पाठीवर घेऊन आणलं होतं. दोन्ही डोळ्यांत पांढरं टिक्कं. ती मान खाली घालून बसली होती, ओठ घट्ट मिटलेले, एक गाल फुगलेला. मनकर्णा तिच्यासमोर बसली आणि तिच्या ध्यानात आलं. हिनं पहिला घास तोंडात टाकला होता. वास मागून आला. गिळायचा नाही, आणि वाढणारीच्या दारात थुंकायचाही नाही, म्हणून ती घास धरून बसली होती. गळ्याची शीर ताठ झाली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ओठ हलत नव्हते.

आपण हे काय करतो आहोत याचा विचार मनकर्णेनं केला नाही. आजवर तिनं दुसऱ्याचं उष्टं पानही पाण्याचा हात लावल्याशिवाय उचललं नव्हतं. तिनं उजवा तळहात म्हातारीच्या हनुवटीखाली धरला आणि डाव्या हातानं तिचा खांदा हळूच दाबला.

सुकरीनं आधी ओळखलं नाही. मग तिनं हात वर करून मनकर्णेचा तळहात चाचपला, बोटं, मनगट, आणि हलकेच घास त्यात सोडला. जशीच्या तशी भाताची शितं. एक दाणा गिळलेला नव्हता.

*

“आपल्या हातचं खात नाईत ते,” इंदुताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच डेपोच्या पलीकडे गेला नाही. “मी एवढ्या दुरून आली, मायासमोरून उठून गेले.”

लटारूचं म्हणणं, वरणाऐवजी कोंबडं शिजवलं असतं तर असं झालं नसतं. बापूजींना वाटत होतं माणसं सुरीला भ्याली आहेत आणि जेवण नुसता बहाणा आहे. छपराबाहेर लोक गाठोडी बांधू लागले होते. बापूजी येरझारा घालत म्हणाले, फॉरेस्टच्या गार्डाला सांगून फाटक लावून घेऊ, एकदा डॉक्टर आले की सगळं सुरळीत होईल.

लालसू खांबाला टेकून उभा होता. त्याला मराठी येत होती, डेपोत ओंडके वाहायला यायचा त्यामुळे. मनकर्णेनं त्याला विचारलं आणि त्यानं जमिनीकडे पाहत सांगितलं. त्याच्या गावात अजून आंब्याचा पंडुम झाला नव्हता. गावचा पुजारी नवा आंबा आधी देवाला देतो, झाडाला देतो, मेलेल्यांना देतो. त्याचा सण, तोच पंडुम. तो होईपर्यंत लहान लेकरूही आंबा चाटत नाही. खाल्ला तर दोष एकट्यावर येत नाही, गावावर येतो. आजूबाजूच्या गावांचंही तेच. आणि सुकरीच्या जिभेला लागला होता. म्हणून ती गावाला परत जाणार. देवासमोर सांगितल्याशिवाय तिच्या अंगाला सुरी लागू द्यायची नाही. बाकीचेही तिच्याबरोबर उठणार होते, कारण ती त्यांच्यात मोठी.

“मंग डोळे?” लटारूनं विचारलं.

“डोळे राह्यले,” लालसू म्हणाला.

आता मनकर्णेला बापूजींना सांगायचं होतं. पण भासऱ्याशी समोरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती, आणि इतक्या वर्षांत तिनं ती मोडली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि लटारूकडे तोंड केलं.

“भाऊजी, तुमच्या दादाले सांगा, फाटक लावू नोका. अक्षयतीजेले पितरांले दाखवल्याबिगर आपल्या घरी आंबा कापत नाईत. सासूबाई सतरा दिवस तापात होत्या तई वैद्यानं आंब्याचा रस सांगतला होता. घेतला का त्यायनं?”

“नाई घेतला,” बापूजी लटारूकडे पाहून म्हणाले. “पन ते आपलं.”

“त्यायले म्हना, हे त्यायचं.”

लटारू दोघांच्या मधे उभा होता. त्यानं दोन्ही वाक्यं निमूट ऐकली आणि काही पोचवायची गरज नाही हे पाहून पहिल्यांदाच गंमत केली नाही. उलट म्हणाला, “दादा, वयनी खरं बोलून राह्यल्या.” संक्रांतीनंतर त्यानं भावाला दादा म्हटलं ते तेव्हा.

बापूजी ओंडक्यावर बसले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मग त्यांनी लालसूला विचारलं, म्हातारीनं इथंच थांबून डोळे करून घ्यावे आणि तिच्याबदली दुसऱ्या कोणी गावात जाऊन सांगितलं तर चालेल काय.

लालसू आईजवळ जाऊन बसला. दोघं त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलत होती. मनकर्णा तिथेच होती. ती म्हणाली, “माये, मी जाईन. मी वाढलं.”

लालसूनं ते आईला सांगितलं. सुकरीनं हात पुढे केला, मनकर्णेचा उजवा तळहात शोधला, आपल्या कपाळाला लावला आणि मान हलवली. नाही.

“आई म्हनते, ह्या हातानं घास सोडवला,” लालसू म्हणाला. “ह्या हाताचं काई सांगाचं नाई. ज्यानं आंबा पाडला त्यानं सांगाव.”

कोणीच इंदुताईकडे पाहिलं नाही.

लटारूनं मधेच सुचवलं, मंडळाकडून एक चांगला कोंबडा पाठवून देऊ, दोन देऊ. लालसू म्हणाला, “कोंबडा नाई पायजे जी. तोंड पायजे.”

बापूजी उठून उभे राहिले. त्यांची बायको, सेवा मंडळाच्या अध्यक्षाची बायको, जंगलातल्या देवापुढे चूक कबूल करायला जाणार, आणि ही गोष्ट उद्या सिंदेवाहीच्या बाजारात सांगितली जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर आलं. “इथून चालत जाव लागते,” ते म्हणाले. “रस्ता नाई. जनावर हाये. ते काई होनार नाई.”

इंदुताई चुलीजवळ होती. वरणाचं पातेलं अजून तसंच भरलेलं होतं. तिनं त्यावर झाकण ठेवलं, हात पुसले आणि पंगतीच्या जागेकडे आली. मनकर्णेला वाटलं, आता बाई मोठ्यानं बोलतील. आपण इतक्यांसाठी राबलो, आपल्याला काय ठाऊक, असं म्हणतील. आणि ते खोटंही नव्हतं. इंदुताई सुकरीपुढे बसली. बसायला तिला त्रास झाला, गुडघे आखडलेले.

“माया हातानं पाडला,” ती म्हणाली. “बांबू मायाच हातात होता. सांग तिले.”

लालसूनं सांगितलं.

“उद्या तिच्या डोळ्याले पट्टी बांधली का मी निघीन. तुया संगं. तुया देवापुढं उभी राहीन अन् सांगीन.” मग, “मले चालनं होत नाई लवकर. हेही सांग.”

सुकरीनं ते ऐकलं. शपथ मागितली नाही, साक्ष मागितली नाही. लालसूला काहीतरी एक शब्द म्हणाली आणि बाजूला ठेवलेलं गाठोडं सोडू लागली. बाहेर उन्हात बसलेल्यांपैकी एकाच्या मुलानं ते पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं. आणि मग सगळ्यांची गाठोडी सुटली. मनकर्णेनं नवा भात टाकला, नुसता, मिठाचा. इंदुताईनं तो स्वतः वाढला आणि या खेपेला कोणाला काही म्हणाली नाही.

*

डॉक्टर आले ते धुळीनं पांढरे होऊन. पाणी प्यायले आणि कामाला लागले. डेपोच्या कारकुनाच्या खोलीत टेबल लावलं होतं. पहिलं कोणाला घ्यायचं म्हणताच सुकरी उठून उभी राहिली.

डोकं धरायला मनकर्णेला बोलावलं. तिला वाटलं होतं आपल्याला भोवळ येईल. पण आली नाही. तिच्या दोन हातांमध्ये ते म्हातारं डोकं होतं, पांढऱ्या केसांचं, मोहाच्या तेलाचा वास असलेलं, आणि ते जराही थरथरत नव्हतं. डोळ्याशी पातं आलं तेव्हाही नाही. मनकर्णा मनात नामस्मरण करायला गेली आणि नाम मधेच राहिलं. ही बाई कशाच्या भरवशावर पडून आहे? काल दुपारी एका अनोळखी बाईनं तोंडानं म्हटलं, मी जाईन. ती अजून गेलेली नाही. दिलेला शब्द अजून नुसता शब्दच आहे, आणि हिनं त्यावर आपला डोळा ठेवला आहे. मनकर्णा आयुष्यभर देवाला मानत आली होती. तरी आपण देवाच्या भरवशावर असं कधी पडलो होतो का, हे तिला सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी चिमट्यावर काहीतरी धरून बशीत ठेवलं. मसुरीच्या डाळीएवढं, धुरकट. एवढंसं. एवढ्याशा गोष्टीमागे या बाईचं रान, मुलगा, चूल, सगळं झाकून गेलं होतं.

“एक डोळा झाला,” डॉक्टर म्हणाले. “पट्टी दोन्हीवर बांधा. हलू देऊ नका.”

सुकरीला छपराखाली आणून चटईवर निजवलं. मनकर्णेनं रेतीच्या पिशव्या तिच्या कानांशी लावल्या आणि शेजारी बसली. एकामागून एक माणसं येत राहिली, चटया भरत गेल्या. लटारू बायकांसारखा पदर, म्हणजे उपरणं, कमरेला खोचून पिशव्या लावत फिरत होता, आणि एका म्हाताऱ्याला सांगत होता, हललास तर माझं नाटक पाहायला मिळणार नाही.

दुपार कलू लागली तेव्हा बापूजी आले. त्यांचा चेहरा उजळला होता. डॉक्टरांनी मंडळाचं फार कौतुक केलं होतं, पुढच्या वर्षीही येतो म्हणाले होते. बापूजींनी इंदुताईला बाजूला घेतलं. मनकर्णेला ऐकू जात होतं.

“झालं ना आता सगळं चांगलं,” ते म्हणाले. “म्हातारीचा डोळा झाला, बाकीच्यायचे झाले. आता जाऊन काय होते? गावात पोरगा सांगून देईन. कोन पाह्यले येते?”

इंदुताई चुलीजवळ गेली. कालचं ते बोलणं सगळ्यांसमोर झालं होतं, आणि सगळ्यांसमोर बाई चांगलं करतात, हे मनकर्णेनं कितीदा मनात म्हटलं होतं. आता पाहणारं कोणी नव्हतं. पट्टी बांधलेली माणसं होती, आणि आपल्या आनंदात दंग असलेले मंडळाचे लोक.

सुकरीची बोटं मनकर्णेच्या मनगटावर होती. ती झोपली की जागी, कळत नव्हतं.

इंदुताईनं हात धुतले, पाय धुतले. रानवाटेच्या धास्तीनं कानातली सोन्याची फुलं काढून पदराच्या गाठीत बांधली, मग गाठ सोडून ती परत कानात घातली, जशी रोज असतात तशीच. दारात काढलेल्या चपला पायात सरकवल्या. लालसू ओंडक्याच्या टोकाशी केव्हाचा बसला होता. तो उठला.

ती मनकर्णेच्या जवळून गेली तेव्हा वाकली आणि हळू म्हणाली, “मनकर्णे, संध्याकाळी कोनाले आंबट देऊ नको. अन् ह्यायले गोळी द्याची राह्यली.” ‘ह्यायले’ म्हणजे बापूजींना, त्यांचं डोकं दुखायचं. नंतर तिनं चटईवरच्या म्हातारीकडे पाहिलं, एकदाच.

फाटकाशी बापूजी उभे होते. मनकर्णेला वाटलं ते वाट अडवतील. ते आपल्या बायकोकडे पाहत राहिले, जणू ही बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मग त्यांनी काखेतली छत्री काढून तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली. फाटक त्यांनीच उघडलं.

फाटकापलीकडे रान सुरू होत होतं. सागाची पानं गळून गेली होती आणि उन्हात उभी खोडं, लांबवर, एकामागे एक. लालसू पुढे, इंदुताई मागे. तिला भरभर चालता येत नव्हतं, म्हणून तो थांबत थांबत चालत होता. काळी छत्री खोडांच्या मधून दिसायची, झाकायची, परत दिसायची.

सुकरीनं मनकर्णेचं मनगट दाबलं. डोकं न हलवता, ओठ जेमतेम उघडून तिनं काहीतरी विचारलं. भाषा मनकर्णेला कळली नाही, पण प्रश्न कळला.

“निघाली,” मनकर्णा म्हणाली. “निघाली, माये.”